आटे

मोटरसायकलच्या इंजिनाच्या तळाशी एक बोल्ट असतो. तो काढला की जुनं ऑइल खाली येतं, लावला की नवं आत राहतं. गॅरेजात त्याला सर्रास ‘ड्रेन नट’ म्हणतात. तो नट नसून बोल्ट आहे, यानं कुणाचं काही अडत नाही. आमच्या हिरो होंडा सीडी हंड्रेडचा हा बोल्ट १२ मिलीमीटर जाड आहे, दीड मिलीमीटरच्या आट्यांचा, आणि त्याला सतराचा पाना लागतो. बोल्ट पोलादाचा. तो जिच्यात बसतो ती क्रँककेस मात्र ॲल्युमिनियमची. आटे गेले असं आपण म्हणतो तेव्हा ते बहुतेक वेळा बोल्टाचे गेलेले नसतात, भोकातले गेलेले असतात. बोल्ट दुसरा आणता येतो. भोक कुठून आणणार?

बोल्ट घट्ट होतो म्हणजे काय होतं, याचा आपण सहसा विचार करत नाही. डोकं जागेवर टेकलं की त्यानंतर पान्याला दिलेला प्रत्येक हिसका बोल्टाला लांबवत असतो. लांबलेला बोल्ट परत आखडू बघतो, आणि त्या आखडण्यानं मधला वायसर दाबून धरला जातो. आपण लावलेल्या जोरातला सुमारे नव्वद टक्के जोर नुसत्या घर्षणात जातो, निम्मा डोक्याखाली आणि उरलेला आट्यांमध्ये. खऱ्या ताणाच्या वाट्याला दहाएक टक्के येतो. म्हणून आट्यांना ऑइल लागलेलं असलं की तेवढ्याच जोरात ताण जास्त पडतो. शिवाय सगळे आटे ओझं सारखं उचलत नाहीत. डोक्याजवळचा पहिला आटा एकटाच जवळजवळ एक तृतीयांश भार घेतो, पहिले तीन मिळून बहुतेक सगळा. मागचे हजेरीपुरते. पहिला तुटला की भार दुसऱ्यावर, दुसरा तुटला की तिसऱ्यावर. झिजायला वर्षं लागतात, जायला अर्धा फेरा पुरतो.

तो अर्धा फेरा हाताला कळतो. कडक होत चाललेला पाना एकाएकी मऊ लागतो, गार झालेल्या शिऱ्यात चमचा फिरावा तसा. त्याच्या जरा अलीकडे थांबायचं. आप्पा याला फिटरकी म्हणायचे.

आप्पा म्हणजे माझे वडील. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका कारखान्यात ते ३४ वर्षं फिटर होते, विहिरीवर पंप चालवणारी ऑइल इंजिनं जुळवण्याचं काम. घरची गाडी १९९२ ची. तिला त्यांच्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही. रविवारी गाडी उघडली की बॅटरी धरायचं काम माझ्याकडे असायचं. बॅटरी धरणं हे काम वाटत नाही, पण आप्पांचा हात पुढे कुठे जाणार हे आधी ओळखावं लागतं, उजेड तिथे त्याच्या आधी पोचावा लागतो. उशीर झाला तर आप्पा रागवायचे नाहीत, नुसते थांबायचे. ते जास्त लागायचं. त्या बॅटरीच्या नोकरीत मी पाने नुसत्या बघण्यावर ओळखायला शिकले, मिलीमीटरचे आणि सुताचेही.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. उद्यमनगरात अजूनही ‘अडीच सुती बोल्ट दे’ असं म्हणतात. १८४१ साली जोसेफ विटवर्थ या इंग्रज माणसानं आट्यांचं पहिलं मोठं प्रमाण सुचवलं, तोवर ज्याचा त्याचा आटा वेगळा होता, एका कारखान्याचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात जायचा नाही. विटवर्थच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा, आताच्या मेट्रिक आट्याचा ६०. आमच्या गल्लीत एक जुनी बुलेट होती, तिच्यात इंचाचे आणि मिलीमीटरचे बोल्ट एकत्र नांदत. अडीच सूत म्हणजे ७.९४ मिलीमीटर, आठला अगदी खेटून. त्या भोकात आठचा बोल्ट दोन-तीन फेरे गोडीनं आत जातो आणि मग अडतो. अडला की माणूस मोठा पाना आणतो. पुढचं सांगायला नको. ‘पहिलं दोन फेरं बोटानं,’ हा आप्पांचा नियम त्या बुलेटवरून आलेला. बोटानं फिरत नसेल तर पाना लावायचाच नाही.

टॉर्क रेंच या वस्तूबद्दल त्यांचं मत वाईट होतं. ठरवलेला जोर झाला की हा रेंच ‘कट्’ असा आवाज करतो. कारखान्यात एक होता, साहेब लोक तपासणीला आले की कपाटातून निघायचा. ‘हात नसलेल्या माणसाचं हत्यार,’ असं आप्पा म्हणत.

मी पुण्यात असते. गेल्या फेब्रुवारीत आईचा फोन आला. आप्पांच्या गाडीतून ऑइल ठिबकतंय, खाली परात ठेवलीय, ते कुणाला हात लावू देत नाहीत आणि स्वतःही काही करत नाहीत. त्यातलं शेवटचं ऐकून मी शनिवारी निघाले.

गाडी अंगणात मधल्या स्टँडवर उभी होती. बोल्ट वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून खिडकीत ठेवलेला. उघडला तर त्याच्या आट्यांभोवती ॲल्युमिनियमची चकचकीत तार गुंडाळलेली, स्प्रिंगसारखी, अडीच वेढे. क्रँककेसचे आटे बोल्टाबरोबर सोलून बाहेर आले होते.

“आटं जुनंच झालं हुतं,” आप्पा म्हणाले. “तीस वर्षं म्हंजे काय कमी झाली?”

हे खोटं नव्हतं. प्रत्येक वेळी ऑइल बदलताना बोल्ट निघतो, लागतो, मऊ धातू दर खेपेला थोडा खाल्ला जातो. पण कागदात वायसरही होता. ॲल्युमिनियमचा नवा वायसर, त्या दिवशीच घातलेला, आणि तो चपातीसारखा पातळ होऊन कडेनं बाहेर पसरला होता. बोल्ट टेकल्यानंतर, दाबल्यानंतर, पुरेसा झाल्यानंतरही कुणीतरी फिरवत राहिलं होतं. गाडीला आप्पांशिवाय कुणाचा हात लागत नाही. मी वायसर परत कागदात ठेवला.

आप्पांना वीस वर्षांपासून मधुमेह आहे. साखरेनं नसा आधी लांबच्या टोकांना मरतात, म्हणून सुरुवात तळपायांपासून. चपला पायातून निघाल्या तरी त्यांना कळत नाही हे आम्हाला माहीत होतं, त्याची आम्हाला सवयही झाली होती. हाताचं माहीत नव्हतं. आईला होतं. दिवाळीपासून शर्टाची बटणं ती लावून देत होती, आणि हे मला सांगायचं नाही असं त्यांच्यात ठरलं होतं. रात्री भांडी आवरताना तिनं सांगितलं. मग आवाज आणखी खाली आणून म्हणाली, “तू ती गाडी दुरुस्त करू नको बघ. बंद पडलीय तर पडू दे. ब्रेकवर पाय ठेवलाय का न्हाई ते त्यांना कळत न्हाई. मी सांगितलं तर ऐकणार हायत का?”

म्हणजे आटे गेले हे आईच्या दृष्टीनं एका परीनं बरंच झालं होतं. कुणालाच काही बोलावं लागणार नव्हतं. गाडी उभी राहील, हळूहळू टायर बसतील, कधीतरी भंगारवाला येईल.

मला ते पटत होतं आणि पटत नव्हतं. आप्पांनी गाडी चालवू नये हे खरं. पण गाडी त्यांच्या हातून बिघडलेली राहिली आणि त्यामुळे बंद झाली, हे मला नको होतं. मी रात्रभर या दोन गोष्टी वेगळ्या करत पडले होते. सकाळी ठरवलं की दुरुस्ती करायची, आणि दुसरं जे बोलायचं ते तोंडानं बोलायचं.

गेलेल्या आट्यांवर उपाय बरेच आहेत, त्यातले निम्मे पुढच्या माणसाच्या गळ्यात अडचण घालणारे. टेफ्लॉनची टेप गुंडाळणं, एम-सील भरणं, हे घर विकायच्या आधी ओल आलेल्या भिंतीला रंग देण्यासारखं. ओव्हरसाइज बोल्ट ठोकून बसवतात, तो स्वतःच आपले आटे कापत जातो, बहुतेक वेळा वाकडे, आणि पुढच्या खेपेला क्रँककेसला तडा. क्रँककेस बदलणं हा तसा सरळ मार्ग, पण त्यासाठी अख्खं इंजिन सुटं करावं लागतं, शिवाय इंजिन नंबर क्रँककेसवरच कोरलेला. तो बदलला की आरसी बुकातली गाडी ही राहत नाही, मग आरटीओत कागद घेऊन उभं राहायचं. पंधरा वर्षांवरची गाडी, पर्यावरण कर भरून नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवत आणलेली. नको ते.

राहिले दोन. बुश किंवा हेलिकॉइल. बुश म्हणजे लेथवर बनवलेली पोलादी नळी, बाहेरून मोठे आटे, आतून जुने. क्रँककेसमध्ये मोठे आटे पाडायचे, नळी कायमची बसवायची आणि बोल्ट नळीत. उद्यमनगरात जन्म गेलेल्या माणसाला बुशच सुचणार. आप्पांनी कागदावर काढूनही दाखवला, बाहेरून १६, आतून १२. पेन्सिल त्यांनी मुठीत धरली होती, लहान मुलं खडू धरतात तशी.

“मोजूया,” मी म्हटलं.

व्हर्नियर त्यांनीच लावला. त्याला स्पर्श फारसा लागत नाही, डोळे लागतात, आणि त्यांचे डोळे मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून माझ्यापेक्षा बरे आहेत. भोकाभोवतीची जागा दोनदा मोजली, आकडेमोड केली. सोळाचे आटे पाडले तर बाहेर वायसर टेकायला जेमतेम कड उरत होती, आणि ऑइल अडतं ते आट्यांत नाही, वायसरच्या कडेवर. शिवाय नळीची भिंत आट्यांच्या तळाशी सुमारे एक मिलीमीटर.

“न्हाई बसत,” आप्पा म्हणाले. स्वतःचा बुश स्वतःच खोडला. मोजल्यानंतर हट्ट करायचा नाही, हे त्यांचं जुनंच होतं.

हेलिकॉइल म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या तारेची गुंडाळी. तार गोल नसते, तिचा छेद पत्त्यांतल्या चौकटसारखा, म्हणजे बदामाच्या राजाशेजारी जो चौकटचा राजा असतो त्याच्या पानावरचा आकार. बाहेरचा कोपरा ॲल्युमिनियमच्या नव्या आट्यात बसतो, आतल्या कोपऱ्यांनी मूळ मापाचे आटे तयार होतात. मोकळी असताना गुंडाळी भोकापेक्षा किंचित मोठी असते, पिळून आत घालावी लागते, सुटली की फुगून स्वतःच घट्ट बसते. विमानांच्या इंजिनात नव्या, धडधाकट भोकांतही ती मुद्दाम घालतात, कारण मऊ धातूत थेट पाडलेल्या आट्यांपेक्षा ही जोडी जास्त भार घेते. मात्र ती बसवण्याआधी जे काही जुने आटे उरलेत तेही ड्रिलनं काढून टाकावे लागतात. मी पुण्याहून येतानाच किट आणलं होतं. टॉर्क रेंचही आणला होता, पण तो पिशवीतून काढला नव्हता.

टाकी काढून गाडी पोत्यांवर आडवी केली. शेजारचा मुलगा हाताला होता, आयटीआयला जातो. ड्रिल १२.४ चं. भोक आधीच बाराच्या आसपास आलेलं, त्यामुळे त्याला नावापुरतंच खायचं होतं. ड्रिलला ग्रीस फासलं, म्हणजे बुरा चिकटून राहतो. त्यानंतरचं काम टॅपचं.

टॅप म्हणजे आटे पाडायचं हत्यार. फार कडक पोलाद, म्हणून ठिसूळ. वाकडा जोर पडला तर मोडतो, आणि मोडलेला टॅप भोकात अडकला तर त्याला ड्रिल लागत नाही, कारण तो ड्रिलइतकाच कडक. सगळं मनगटावर असतं. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, मागे घेताना बुरा तुटल्याचं जाणवतं, मग पुन्हा पुढे. आप्पांनी हे हजारो भोकांत केलेलं. मी टॅप-हँडल त्यांच्यापुढे धरलं.

त्यांनी ते घेतलं नाही. माझ्या हाताकडे ढकललं आणि गुण्या शोधायला गेले.

मग तासभर आम्ही ते काम केलं. त्यांनी गुण्या टॅपला दोन बाजूंनी लावून बघितला, “तुझ्याकडं झुकतोय,” “अजून,” “आता सरळ.” पहिले दोन फेरे गेल्यावर गुण्या बाजूला ठेवला, कारण त्यानंतर टॅप आपली वाट सोडत नाही. ॲल्युमिनियमला रॉकेल चांगलं. आता ते सहज मिळत नाही, आईनं जुनी अर्धी बाटली जपून ठेवली होती, ती काही न बोलता आणून दिली. मी फिरवत होते आणि आप्पा कान देऊन बसले होते. टॅप नीट कापतो तेव्हा आवाज जवळजवळ येत नाही. बुरा साचला की बारीक कुईं असं होतं. मला मनगटात अडल्यासारखं वाटायच्या आधीच ते म्हणायचे, “मागं घे.” मी मागे घ्यायचे. दोन-तीनदा मला वाटलं की उगाच म्हणाले, तरी घेतलं, आणि प्रत्येक वेळी बुऱ्याचा लांब तुकडा पडला. तो ते तळहातावर घेऊन उजेडात बघायचे. भुकटी पडली तर धातू फाटतोय, कुरळा तुकडा पडला तर कापतोय. हे त्यांनी मला पूर्वी कधी सांगितलं नव्हतं. बहुधा सांगायची गरज त्यांना वाटली नसेल, हातालाच कळत होतं तेव्हा.

बॅटरी शेजारच्या मुलानं धरली होती. तो सारखा उशिरा पोचत होता. आप्पा थांबायचे.

इंजिन धुवायला वरून स्वस्तातलं ऑइल ओतलं, खालून बुरा येईपर्यंत ओतत राहिलो. ते निथळेपर्यंत बसलो होतो तेव्हा मी विषय काढला. आई दारात होती.

“ब्रेक कळतो का तुम्हाला?” मी विचारलं.

“कळतो की.”

“पायाला?”

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पायाला न्हाई कळत. गाडी थांबली की कळतं.”

शेजारचा मुलगा हसला आणि मग त्याला कळलं की हसायचं नव्हतं. मी म्हटलं, “आप्पा, मग चालवायची नाही.” एवढंच म्हटलं, प्रवासात तयार केलेली दोन-चार वाक्यं होती ती सगळी तशीच राहिली. त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. परातीतल्या ऑइलमध्ये बोट बुडवून बघितलं, बोट चोळलं, मग त्याचा उपयोग नाही हे लक्षात आल्यासारखं पायजम्याला पुसलं. “मग ह्या पोराला शिकवतो,” ते म्हणाले. “मला मागं बसवून महाद्वाराला न्हेईल.” आई आत गेली. ती समाधानानं गेली की नाही, सांगता येत नाही. मागे बसणाऱ्या माणसालाही फूटरेस्टवर पाय आहे की नाही हे कळावं लागतं, हे तिच्याही लक्षात आलं असणार.

गुंडाळी बसवणं सोपं निघालं. तिच्या आतल्या टोकाला एक आडवी शेपटी असते, त्यात हत्यार अडकवून ती फिरवत आत न्यायची, वरचा वेढा पृष्ठभागाच्या पाव फेरा खाली गेला की थांबायचं. शेवटी शेपटी नोज प्लायरनं हलवून तोडायची आणि बाहेर काढायची. आत पडू द्यायची नाही. ती बाहेर आल्यावर आप्पांनी मागून घेतली आणि कागदात, वायसरशेजारी ठेवली.

गाडी उभी केली. नवा बोल्ट, नवा वायसर. पहिले दोन फेरे बोटांनी, मी. मग मी पिशवीतून टॉर्क रेंच काढला. या जाडीच्या ड्रेन बोल्टाला साधारण २४ न्यूटन-मीटर लागतात, म्हणजे वीतभर पान्याच्या टोकाला बाराएक किलोंचा जोर. लोकांना वाटतं त्यापेक्षा हे बरंच कमी असतं. मी आकडा लावला आणि रेंच आप्पांच्या हातात दिला. ते काहीतरी बोलतील म्हणून मी वाट बघितली. ते बोलले नाहीत. त्यांनी दांडा दोन्ही हातांनी धरला, हळूहळू ओढला, आणि रेंच ‘कट्’ असा वाजला.

आप्पा थांबले. “झालं?”

“झालं.”

“आणि ओढला तर?”

“नाही ओढायचा.”

त्यांनी रेंच सोडला, पुन्हा लावला, पुन्हा हळू ओढला. कट्. तिसऱ्यांदा करायला लागले तेव्हा मी रेंच काढून घेतला, कारण प्रत्येक खेपेला बोल्ट थोडा थोडा पुढे जाऊ शकतो. तेव्हा मात्र ते हसले.

रात्री इंजिनाखाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं. सकाळी त्यावर एक थेंब होता. आप्पांनी कागद उचलून नाकाशी नेला. “रॉकेल,” म्हणाले. संध्याकाळपर्यंत दुसरा थेंब पडला नाही.

मी निघायच्या आधी त्यांनी अंगणातल्या भिंतीवर खडूनं यादी करायला घेतली. ड्रेन, २४. मग विचारलं, प्लगला किती? सीडी हंड्रेडचा स्पार्क प्लग १० मिलीमीटरचा, हेड ॲल्युमिनियमचं, त्याला १० ते १२ पुरे. ते लिहिलं. सहाच्या बोल्टांना १०. इंजिन कोमट असतानाच ड्रेन उघडायचा, तापलेला नाही, कारण ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. हे त्यांना माहीत होतंच, पण मुलासाठी लिहून ठेवलं. शेवटी मागच्या चाकाचा ॲक्सल लिहिला आणि माझ्याकडे बघितलं. माझा रेंच पाच ते पंचवीसचा आहे, ॲक्सलला तो पुरत नाही. पुढच्या खेपेला मोठा आणते म्हटलं. ती जागा त्यांनी मोकळी सोडलीय.